शिलाई मशीनचं तेल

घरात त्यांना इंजिनिअर म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त होता. उभी नोकरी फायली लावण्यात गेली, पण स्क्रू दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. जुनी विकत घेतलेली ट्रेडमिल कुरकुरायला लागली तेव्हा मेकॅनिकला कोण बोलावतो? त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनचं तेल आणलं आणि पट्टा उचलून खाली सढळ हाताने ओतलं. कुरकुर थांबली. स्वारी दिवसभर खूश होती.

चौथ्या दिवशी बायको चालत असताना पट्टा मध्येच अडला, मग सटकला, आणि ती पडली. मनगट मोडलं.

"पट्टा घसरला हो," ती म्हणाली.

"पट्टा कसला घसरतोय? तुझाच तोल गेला," इंजिनिअर बोलून गेले. तेल त्यांना तेव्हाच आठवलं होतं, पण तोंडातून निघालं ते निघालं.

वाईट हे, की तिने ते खरं मानलं. एक हात गळ्यात, दुसरा भिंतीवर, अशी ती घरातल्या घरात फिरू लागली. जिना बंद, बाजार बंद. बाथरूमला जातानाही म्हणायची, "अहो, जरा दाराशी थांबता का?" इंजिनिअर थांबायचे आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचे. आज सांगू, उद्या सांगू, करत तीन आठवडे गेले. शेवटी तिने मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली.

बुधवारी तिने मेकॅनिकलाही बोलावलं. ट्रेडमिल विकून टाकायची, तर निदान चालती असावी. त्याने पट्टा उचलला, बोट फिरवलं, वास घेतला.

"याला सिलिकॉनचं तेल लागतं. हे शिलाई मशीनचं आहे. रोलरपर्यंत गेलंय, पट्टा घसरणारच. कुणी घातलं?"

बायको चौकट धरून दारात उभी होती. आधीच्या मालकावर ढकलणं सोपं होतं. ते इंजिनिअरांच्या जिभेवर आलंही.

"मी," ते म्हणाले. "ही पडायच्या चार दिवस आधी. आणि ही पडली त्याच दिवशी मला ते कळलं होतं."

मेकॅनिक मान खाली घालून रोलर पुसू लागला. इंजिनिअर बोलणी खायला तयार होते. खरं तर त्यांना ती हवीच होती.

"म्हणजे माझा तोल ठीक आहे?" तिने विचारलं.

"अगदी ठीक आहे."

तिने चौकट सोडली. सावकाश चालत ती खोलीच्या मधोमध आली, कशालाही न धरता उभी राहिली आणि हसली.

"मला वाटलं, माझंही आईसारखंच होणार," ती म्हणाली. "शेवटी तिला चमचासुद्धा धरता येत नव्हता." तिने डोळे पुसले. रागाचं नाव नव्हतं, आणि इंजिनिअरांना मान वर करवेना.

"उद्याची वेळ रद्द करा," ती म्हणाली. "आणि कारण विचारलं, तर तुमच्या तोंडाने सांगा."