घरी सक्षम व्यक्ती नाही

मी नालायक आहे, हे माझ्या लेकीने सरकारला लेखी कळवलं. तेही तीन प्रतींत.

मला ते कळलं चष्म्यामुळे. चष्मा शोधत होतो, तो जेवणाच्या टेबलावर कागदांखाली सापडला, आणि हातात आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही ही माझी जुनी खोड. अर्ज होता सरकारी बालवर्गाचा, आमच्या भिंगरीसाठी. भिंगरी म्हणजे माझी नात. वय पावणेचार, एका जागी अर्धं मिनिट बसेल तर शपथ. अर्जात रकाना अकरा: ‘घरी बालकास दिवसभर सांभाळण्यास सक्षम व्यक्ती आहे काय?’ आणि त्यापुढे लेकीच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द. नाही.

“नाही?” मी ओरडलोच. “मग मी कोण? खुंटीवरचा सदरा?”

“बाबा, आधी ऐकून तर घ्या,” लेक म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा म्हणते. “जागा तीस आहेत आणि अर्ज एकशे बारा. घरी सांभाळणारं कुणी नसेल तर वीस गुण मिळतात. असेल तर भोपळा. आपला नंबर त्या वीस गुणांवरच लागला तर लागेल.”

“नाही लागला तर नाही लागला.”

“मग मला नोकरी सोडावी लागेल.”

लेक इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासते. आतापर्यंत अर्धी पाळी होती, एक तारखेपासून सकाळी आठ ते पाच होणार होती. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. पण म्हणून नोकरी सोडायची?

“अगं, मी धडधाकट बसलोय इथे! इतके दिवस तुझ्या पाळीच्या वेळी पोरीला कोणी सांभाळलं?”

“तुम्हीच सांभाळलंत,” ती म्हणाली, उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या कळी बघून आली. हल्ली तिला ही एक सवयच लागली आहे.

मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बालवर्गाचं पत्र आलं, की रकाना अकराच्या पडताळणीसाठी गुरुवारी सकाळी अकरा वाजता घरी तपासणी होईल. तपासणी म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. मी एकतीस वर्षं वजनमापांचा निरीक्षक होतो. बाजारातले तराजू तपासायचे, खोट्या वजनांवर जप्ती आणायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. माझी एक पद्धत होती. गणवेश नाही, ओळखपत्र नाही. साध्या कपड्यांत दुकानात जायचं, अर्धा किलो साखर मागायची, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि माणूस गाफील असताना त्याचा काटा बघायचा. सांगून जाणाऱ्या निरीक्षकाला सगळेच तराजू बरोबर दिसतात. माझ्या नजरेतून एक ग्रॅम सुटला नाही कधी.

“तुला वीस गुण हवेत ना?” मी लेकीला म्हणालो. “घे. असा अपंग होऊन दाखवतो की त्या निरीक्षकाला रडू येईल.”

“बाबा, नाटक नका करू. जसे आहात तसे वागा.”

“जसा आहे तसा वागलो तर वीसचे उणे वीस होतील, बाई!”

मीच तयारीला लागलो. खालच्या मजल्यावर शिंपी राहतो, त्याच्याकडून त्याच्या वडिलांची काठी मागून आणली. तीन दिवस दाढी करायची नाही असं ठरवलं. बटणं वरखाली लावायचा सराव केला. भिंगरीला सांगून ठेवलं, “तपासणीच्या दिवशी आजोबांना काही म्हणजे काही येत नाही. कळलं?” ती म्हणाली, “कळलं.” आणि माझ्या डोक्यावरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला.

बुधवारी सकाळी बेल वाजली. बुधवारच होता, भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. दारात एक चाळिशीची बाई, खांद्याला पिशवी, हातात वही.

“नमस्कार. मी ऑफिसकडून...”

“या या, मीटर आत आहे,” मी म्हणालो. विजेच्या मीटरचं वाचन दर महिन्याला बुधवारीच होतं. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला मला जमत नाही, नोकरीतही जमलं नाही.

ती जरा घुटमळली. “मीटर?”

“नवीन दिसताय. या, बसा, उन्हातून आलात. चहा घेणार ना?”

आता मला सांगा, मीटरवाल्या बाईपुढे नाटक कशाला करायचं? उलट मनात आलं, उद्या दिवसभर नालायक व्हायचंच आहे, आज एका तरी माणसाला कळू दे की मी हे घर कसं चालवतो. मी अगदी मोकळा सुटलो.

चहा टाकला. भिंगरी पाटावर उभी राहून म्हणाली, “आजोबा, ते मीठ.” मी डबा बदलला. “दोन्ही डबे मी मुद्दाम सारखे ठेवलेत,” मी बाईंना सांगितलं, “पोरीची परीक्षा होते. एकदाही चुकत नाही.”

“आणि तुम्ही?” बाईंनी हसून विचारलं.

“मला काय गरज, ती आहे ना!”

भिंगरी म्हणाली, “आजोबा, दुसरी कळ.” मी मागे वळून बघेपर्यंत बाईंनीच हात लांब करून शेगडीची ती कळ बंद केली होती. मीटरवाल्यांना प्रत्येक कळीला हात लावायची खोड असते. मी खिडकी उघडली, कारण त्यांना खोकला आला.

मग गप्पा रंगल्या. घरी कोण कोण असतं, लेक किती वाजता जाते, पोरीला दुपारी जेवायला कोण वाढतं. मला वाटलं, बिचारी दिवसभर दारोदार फिरते, दोन शब्द बोलायला मिळत नसतील. मी भरभरून सांगितलं. पोरीला मी तिच्या आईच्या नावाने हाक मारतो तरी ती बरोबर ‘ओ’ देते, इतकी गुणाची. परवा बागेतून येताना मी तिला म्हटलं, आज तू रस्ता दाखव. तीन वळणं, एक मोठा रस्ता. पण पठ्ठीने माझं बोट धरून थेट दारात आणून सोडलं.

“मुद्दाम दाखवायला सांगितलंत?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे काय!” मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

बाई भिंगरीकडे वळल्या. “आणि तू गं? दिवसभर काय करतेस?”

“आजोबांना सांभाळते,” भिंगरी म्हणाली.

मी इतका हसलो की चहा सांडला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडून एक सही मागितली, मी झोकात करून दिली. जायला निघाल्या तसा मी खेकसलो, “अहो, काम करायला आलात आणि मीटर न बघताच चाललात? आमच्या खात्यात असतात तर मेमो दिला असता.”

त्या माझ्याकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. मग आत आल्या, मीटरपुढे वाकल्या, आकडा नीट वाचून वहीत लिहिला. “आता झालं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “आता झालं.”

संध्याकाळी लेक घाईघाईने घरात शिरली, पिशवीही खाली न ठेवता म्हणाली, “काय झालं, बाबा? आल्या होत्या?”

“मीटरवाली आली होती. तपासणी उद्या आहे, लक्षात ठेवत जा.”

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मग हळूच खुर्चीवर बसली. “मीटरवालीने काय काय विचारलं?”

मी सगळं सांगितलं, डब्यांपासून मेमोपर्यंत. एरवी माझं बोलणं ती अर्ध्यावर तोडते. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, “बरं झालं, चहा दिलात.” आणि भिंगरीला मांडीवर घेऊन बराच वेळ तिचे केस विंचरत बसली.

दुसऱ्या दिवशी मी दहापासून तयार. तीन दिवसांची दाढी, हातात काठी. स्वेटरची बटणं लेकीने स्वतः चुकवून लावली. लावताना तिचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, “वेडी की काय, नाटक आहे हे.” ती कामावर गेली. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. कुणी फिरकलं नाही. मी सरकारच्या नावाने बोटं मोडली. एकतीस वर्षांत मी कुठल्या तपासणीला पाच मिनिटं उशिरा गेलो असेन तर नाव बदलीन! त्यात शनिवार उगवला तो एक दिवस आधीच. कॅलेंडरची दोन पानं एकदम फाडलेली. रोजचं पान फाडणं हे भिंगरीचं काम, तेव्हा तिला रागावलो. “मी नाही फाडलं,” असं म्हणत ती मुसमुसत बसली, तरी रागावलोच.

पंधरा दिवसांनी निकाल आला. लेक कामावर होती, पाकीट मी फोडलं. भिंगरी निवडली गेली, यादीत पहिली. रकाना अकरा: वीसपैकी वीस. मी खोऽ खोऽ हसलो. तपासणी न करताच वीस गुण! असा भोंगळ कारभार माझ्या खात्यात असता तर... मग खालचं पान दिसलं. तपासणी अहवालाची प्रत.

‘भेट: गुरुवार, ठरल्याप्रमाणे, सकाळी अकरा. घरी आजोबा आहेत. स्वभावाने अत्यंत प्रेमळ. साखर व मीठ ओळखत नाहीत. गॅस उघडा राहिला होता. घरचा रस्ता बालकाच्या मदतीने शोधतात. या घरात बालकच मोठ्या माणसाला सांभाळत आहे. तिला लहान राहता यावे म्हणून प्रवेश तातडीने द्यावा.’

खाली माझी सही. झोकदार. आणि समासात, पेन्सिलीने, पाच आकडे.

मी उठलो आणि मीटरजवळ गेलो. आकडा पुढे गेला होता, पण सुरुवातीचे तीन तेच होते.

पहिल्यांदा मला संताप आला तो बाईंचा. साध्या कपड्यांत येऊन, गोड बोलून, गाफील गाठलं! मग आठवलं की त्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दारातून आपली ओळख सांगत आल्या होत्या. मग आठवलं, त्या आठवड्यात सोमवारी भिंगरीला ताप होता, ती झोपून होती. त्या दिवशी पान कोण फाडणार? कॅलेंडर एक दिवस मागेच राहिलं होतं. आणि नंतर एक जास्तीचं पान गुपचूप कोणी फाडलं, हेही कळलं. ज्या हातांनी बटणं चुकवून लावली त्याच हातांनी. माझी लेक मीटरवालीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकत बसली होती.

मी अहवाल दोनदा वाचला. एक शब्द खोडावा असं काही सापडलं नाही. माझ्या नोकरीत असा अहवाल आला असता तर मी डोळे मिटून शिक्का मारला असता. फार रडू आलं. भिंगरी आली, माझा चष्मा काढला, फ्रॉकने पुसला आणि परत घालून दिला.

संध्याकाळी लेकीच्या हातात मी फक्त पहिलं पान ठेवलं. “बघ, बापाच्या नाटकाशिवायच नंबर लागला. उगाच बटणं वरखाली केलीस.”

“दुसरं पान नव्हतं का?” तिने विचारलं.

“नव्हतं.”

“बरं,” ती म्हणाली आणि गॅस बघायला गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

एक तारखेला आम्ही तिघं बालवर्गाच्या फाटकाशी उभे. परतीच्या वाटेवर मी एकटाच असणार होतो, कारण लेकीला तिथूनच इस्पितळात जायचं होतं. शिंपी कोपऱ्यावर कुणाची तरी वाट बघितल्यासारखा उभा होता. कुणी उभं केलं असेल ते मी विचारलं नाही. आत इतर पोरं आयांना चिकटून भोकाड पसरत होती. भिंगरी रडली नाही, पण आतही जाईना. शिक्षिकेने हात पुढे केला तर म्हणाली, “थांबा, माझं काम आहे.”

मग माझ्याकडे वळली. “आजोबा, म्हण. फाटकातून कुठे?”

“डावीकडे,” मी म्हणालो.

“मग?”

“औषधाचं दुकान, तिथे वळायचं. मग मोठा रस्ता. हिरवा दिवा लागला की जायचं. मग घर.”

“मध्ये काय राहिलं?”

मी विचार केला. खरंच केला. काही आठवेना. लेक दुसरीकडे बघत होती.

“टाकी,” भिंगरी म्हणाली. “पाण्याची टाकी. तिथे पण वळायचं. पुन्हा म्हण, पहिल्यापासून.”

मी पहिल्यापासून म्हटलं. एकदा अडखळलो, तिने परत मागे नेलं. दुसऱ्यांदा सगळं बरोबर आलं, तेव्हा कुठे ती आत गेली.