बुधवारचा नारळ

या बाप्पा, पुढे सरका. टाळ भिंतीशी ठेवा, चहाला अजून वेळ आहे. अभंग झाला, गजर झाला. आता एक कथा सांगतो. पुराणातली नाही. वडशाबाहेरच्या आपल्या तेलाच्या कारखान्यातली आहे, आणि तिच्यात मारोतीरायाला साक्षीला बोलावलं होतं.

साल दोन हजार सात. धानाच्या कोंड्यातून तेल काढायला पेट्रोलसारखं एक द्रव्य लागतं, सॉल्व्हंट म्हणतात त्याला. मी तिथे गोदामात पोती शिवायचो आणि गेटाजवळच्या मारोतीची दिवाबत्ती करायचो. त्या वर्षी मुंबईच्या ऑफिसानं एक सॉफ्टवेअर पाठवलं. धूर किती निघाला, नाल्यात कसं पाणी सुटलं, कोणाला काय लागलं, सगळं त्यात रोज भरायचं. एक रकाना होता ‘थोडक्यात टळलेले अपघात’. काही घडलं नाही असं भरलं की पडद्यावर हिरवा ठिपका यायचा. आमच्या मॅनेजर साहेबांना तो ठिपका फार प्रिय. मुंबईवाल्यांना मात्र त्याचाच संशय. एवढा मोठा कारखाना आणि कधी कोणाचा पायही घसरत नाही?

हे भरायला दिव्यानी नावाची मुलगी ठेवली. ब्रह्मपुरीहून काळीपिवळी जीपनं यायची आणि जो भेटेल त्याला विचारायची, “भाऊ, आज काही होता होता राह्यलं का?”

“सब ठीक हाय, बाई.”

पाठ वळली की कुजबुज सुरू. “कंपनीनं कान ठेवला हाय इथी, कान!” लोकांचंही चूक नव्हतं. आमच्यातल्या वारलूनं भाजलेला हात ऑफिसात दाखवला, त्याचं नाव लिहून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात ठेकेदारानं त्याचं गेटपास कार्डच दिलं नाही.

मलाही ती मुलगी खटकायची. शिकलीसवरलेली पोर, पाळी सुटताना रोज देवळाच्या पारावर काय म्हणून बसते? प्रसादाचं खोबरं चघळते आणि डोळे मात्र येणाऱ्याजाणाऱ्यावर.

आता आमची रीत ऐका. जिवावरचं टळलं की मारोतीपुढे नारळ फोडायचा आणि तोंड मिटून घरी जायचं. टळलेलं बोलून दाखवलं तर ते वळून परत येतं, असं आमच्याकडे मानतात.

एका बुधवारी केवळराम नारळ घेऊन आला. यंत्राखालच्या खड्ड्यात सांडलेला कोंडा साचतो. शिडीनं उतरून तो घमेल्यानं काढायचं त्याचं काम. कपड्यांना पेट्रोलसारखा वास येत होता.

“का गा केवळराम, आज तर शनिवार नाई?”

“दिवा लाव ना भाऊ. इचारू नको.”

मी दिवा लावला. नारळ फुटला. तो खांबाला टेकून, डोकं धरून बसला. मी प्रसाद वाटत दिव्यानीपर्यंत आलो, तर ती म्हणते, “भाऊ, शनिवारचा नारळ समजते मले. पण हा बुधवारी काऊन? परवा बी एक फुटला होता.”

शेजारीच रुखमाबाईचं नारळाचं दुकान. तिनं तिथूनच हाणलं, “तुले खोबरं भेटते ना वो? खा न् जा. आता देवाचे नारळ बी कंप्युटरात भरतेस का?”

हशा पिकला, पण डोळ्यांत कोणाच्या हसू नव्हतं. पोरगी मात्र हलली नाही. हळूच म्हणाली, “मावशी, नाव नका सांगू. जागा सांगा. शुक्रवारी सफाई हाय. जो त्या जागी जाईन, त्याच्यासाठी इचारून राह्यली मी.”

शुक्रवारी खड्ड्यात उतरणारा केवळरामच होता. रुखमाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग उगाच नारळांची रास सारखी करत बसली. शेवटी खाली बघूनच बोलली, “खड्ड्यावालेच घेऊन राह्यले नारळ. चक्कर येते म्हणतात खाली.” आणि जीभ चावली.

दिव्यानी ऑफिसात गेली अन् तशीच परत आली. “सांगणाऱ्याचं नाव टाकल्याबिगर कंप्युटर पुढेच सरकत नाई!”

“मारोतीचं टाक,” मी म्हणालो. “त्यालेच तर सारे सांगतात.”

मी थट्टेनं बोललो होतो. तिनं खरंच टाकलं. ठिपका लाल झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत पारापाशी आले. “हा मारोती कोण? हजेरीवर या नावाचा माणूस नाही!” त्यांनी एकेकाचं तोंड निरखलं. रुखमाबाईला विचारलं, मला विचारलं. मी देवाकडे बोट दाखवलं, तर आणखीच भडकले. “उद्या मुंबईचा माणूस येतोय. हा मारोती समोर आला नाही तर खबर खोटी. मुलगी घरी जाईल आणि सफाई ठरल्याप्रमाणे होईल.”

त्या संध्याकाळच्या भजनात ठेका काही केल्या जुळेना. जो तो दुसऱ्याकडे पाही. हा फुटतो की तो फुटतो?

शुक्रवारी मुंबईचा माणूस खड्ड्यापाशी उभा राहिला. हातात विषारी वाफ ओळखणारी पिवळी डबी. साहेबांनी विचारलं, “बोला, मारोती कोण?” कोणी पुढे आलं नाही. दिव्यानीचं तोंड पांढरंफटक. साहेब हसले आणि केवळरामाला म्हणाले, “चल, उतर.”

केवळरामानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. “साहेब, मारोती मीच. बुधवारी खाली मले भोवंड आली. शिडी दिसे ना. देवापुढे गप्प राह्यलो, आता तुमच्यापुढे बोलून राह्यलो.”

मुंबईच्या माणसानं डबी दोरीला बांधून खाली सोडली. अर्ध्यावरच ती किंचाळू लागली. त्यानं सगळ्यांना मागे ढकललं. कुठला तरी पाइप झिरपत होता. सॉल्व्हंटची वाफ हवेहून जड, ती तळाशी साचलेली. आज कोणी उतरला असता तर वर आला नसता, असं तो म्हणाला. खड्डा बंद केला, पाइप दुरुस्त झाला, पुढे हवा खेचणारा पंखाही बसला.

दिव्यानीनं आधी केवळरामाला विचारलं, “भाऊ, आता तुमचं नाव टाकू?”

“टाक बाई. मारोतीले कामावरून काढता येत नाई. मले येते, तरी टाक.”

आणि तसंच झालं. पुढच्या महिन्यात त्याचं कार्ड गेटवर आलं नाही. साहेब म्हणत ठेकेदारानं काढलं, ठेकेदार म्हणे साहेबांनी. केवळराम बायकोच्या गावाला, पोंभुर्ण्याकडे गेला. तिथे तलावात जाळं टाकतो म्हणतात. दिव्यानीला आता कोणी कोणी सांगतात. कोणी अजूनही नुसता नारळच फोडतात.

कीर्तनात आपण ऐकतो, भक्ताच्या जागी देव उभा राहिला. त्या दिवशी मी उलटं पाहिलं बाप्पा. देवाच्या जागी केवळराम उभा राहिला.

घ्या, प्रसाद घ्या. आणि खोबरं तोंडात टाकण्याआधी त्या केवळरामाची एकदा आठवण करा.