चार मिलिमीटर जास्त

कसब्यातल्या तांबट आळीत माप देताना थोडं सैल धरायची रीत आहे. कमी-जास्त झालं, तर जागेवर ठोकून बसवता येतं. साईनाथने दाराच्या काचेचं मापही तसंच दिलं.

घागरी आणि बंब सोडून त्याने पहिल्यांदाच वेगळं काही हाती घेतलं होतं: मठारलेल्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी उठवलेल्या तांब्याच्या चौकटीचं दार. कर्वेनगरात एक हॉटेल उभं राहत होतं, त्याला अशी डझनभर दारं हवी होती. नमुना पाहायला आर्किटेक्ट आमोद दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याच्या पसंतीस उतरला, तर साईनाथची विझत चाललेली भट्टी वर्षभर पेटती राहणार होती.

काच आली आणि रुंदीला चार मिलिमीटर जास्त निघाली. साईनाथने ग्राइंडर उचलला. काच घेऊन आलेल्या, धायरीच्या कारखान्यातल्या वैष्णवीने त्याला थांबवलं.

"काका, ही टफन्ड आहे. आता घासायची नाही."

"नुसती कडच तर घासायचीय."

"घासा. केरसुणी कुठे असते, तेवढं आधी सांगून ठेवा."

तिने टेम्पोतून कारखान्यात नापास झालेला एक तुकडा आणला आणि साईनाथला त्यावर मधोमध लाकडी मोगरी मारायला लावली. काचेला काही झालं नाही. मग तुकडा गोणपाटात गुंडाळून तिने पकडीने त्याचा कोपरा मोडला. गोणपाट उघडलं, तर आत ज्वारीसारखे दाणे.

वैष्णवीने सगळं समजावून सांगितलं. काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी गार हवेचा झोत मारतात. वरचा थर आधी घट्ट होतो. आतला मागाहून आकसतो आणि वरच्याला आवळून धरतो. काचेचं बळ त्या आवळण्यात असतं. म्हणून कापणं, भोक पाडणं भट्टीच्या आधी. दुसरी काच मिळायला आठवडा लागेल.

साईनाथने चौकट पुढे ओढली.

"तापवून एकदम गार केली की तुमची काच कणखर होते?"

"हो."

"आमचं तांबं मऊ पडतं."

त्याने चौकटीच्या आडव्या पट्ट्या सोडवल्या, लाल होईतो तापवल्या, पाण्यात बुडवल्या आणि ऐरणीवर घेतल्या. मऊ पडलेली पट्टी प्रत्येक ठोक्यागणिक किंचित लांबत होती. संध्याकाळी रबराच्या पट्टीसकट काच चौकटीत बसली. फक्त वरच्या-खालच्या पट्ट्यांवर ठोक्यांची नक्षी दाट झाली होती, आणि ती लपण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमोदने नेमकं तिथेच बोट ठेवलं. इथे वेगळं काम का, असं त्याने विचारलं.

"काच ऐकेना," साईनाथ म्हणाला. "मग तांब्याला समजावलं."

आमोदने पट्टीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. बाकीच्या दारांनाही ही नक्षी अशीच दाट ठेवा, असं सांगून तो गेला.

साईनाथने बाकीच्या काचांची मापं द्यायला वैष्णवीला फोन लावला.

"सैल धरलीत का?" तिने विचारलं.

"नाही. मोजलीयत."