हाताने फिरवायच्या लेन्स

दुकानदाराने चौथी लेन्स काउंटरवर ठेवली आणि बाबांनी तिच्यातही खोट काढली. पहिली जड होती, दुसरीचा रंग पिवळट पडत होता, तिसरीत म्हणे सरळ रेघा वाकत होत्या. चौथीची फोकसची कडी त्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली, लेन्स खाली ठेवली आणि हातात बसत नाही म्हणाले.

धाकटी शेजारी उभी होती. तिला मान वर करवेना. याच दुकानात, याच काउंटरपाशी ती बाबांबरोबर गेले कित्येक शनिवार येत होती आणि प्रत्येक वेळी दुकानदार मागच्या कपाटातून पेट्या काढत होता, मऊ कापडाने काचा पुसत होता, आणि शेवटी सगळं परत आत ठेवत होता. जुन्या लेन्स घेऊन, दुरुस्त करून विकणारा हा माणूस स्वभावाने शांत होता. आज मात्र पेटी मिटता मिटता तो हसत म्हणाला, ‘‘दादा, तुम्हाला लेन्स नकोय. भांडायला कुणीतरी हवंय.’’

बाबाही हसले. धाकटीला मात्र कानशिलं तापल्यासारखी वाटली. आपला बाप चिक्कू आहे हे तिला मान्य होतं. घरात ते चालून जायचं. दुकानात, परक्या माणसासमोर, ते उघडं पडलेलं बघणं निराळं होतं.

लेन्स हव्या होत्या थोरलीला. तिचा हा पहिलाच चित्रपट होता, वीसेक मिनिटांचा. एक परिचारिका नोकरीच्या शेवटच्या दिवशी इस्पितळाच्या लांबच लांब व्हरांड्यातून एकटी चालत येते, पार टोकापासून कॅमेऱ्याच्या पुढ्यापर्यंत, मध्ये कुठेही न तोडता. सगळा चित्रपट त्या चालण्यासाठी होता. कॅमेरा बाबा चालवणार हे थोरलीने गोष्ट लिहायच्याही आधी ठरवून टाकलं होतं. बाबांनी उभी हयात कारखान्यांच्या माहितीपटांत, मुलाखतींत आणि बक्षीस समारंभांत घालवली होती. चित्रपट त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

थोरलीचा आग्रह सिनेमाच्याच लेन्सचा होता, आणि परवडतील अशा निवडायचं काम धाकटीवर आलं, कारण तिने पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केलं होतं आणि प्रकाशाशी तिचं सूत जुळलं होतं. तिला काम आवडलंही. साध्या लेन्समध्ये फोकस पुढे-मागे केला की सगळं चित्र किंचित फुगतं किंवा आक्रसतं. सिनेमाच्या लेन्समध्ये तसं सहसा होत नाही. कडीचा फेरा मोठा असतो, त्यामुळे चालत येणाऱ्या माणसावर फोकस सावकाश, हवा तसा धरून ठेवता येतो. फक्त तो हाताने धरावा लागतो. बाबांच्या नेहमीच्या लेन्समध्ये बारकी मोटार होती. कॅमेरा स्वतःच चेहरा शोधायचा आणि फोकस लावायचा. या लेन्समध्ये मोटार नव्हती, आणि त्या निम्म्याने स्वस्त मिळण्याचं तेही एक कारण होतं.

बाबांच्या एकेका हरकतीवर धाकटी उत्तर शोधत गेली. जड म्हणाले, तर तिने लेन्सखाली आधाराची दांडी बसवून दाखवली. रंग पिवळट म्हणाले, तर करड्या पुठ्ठ्याचे फोटो काढून फरक डोळ्याला जाणवण्याइतका नाही हे सिद्ध केलं. वाकड्या रेघांसाठी ती समोरच्या विटांच्या भिंतीपुढे अर्धा दिवस उभी राहिली. बाबा ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि नवी खोट काढायचे. शेवटी थोरलीच एकदा रडकुंडीला आली. बाबांना नसेल करायचा चित्रपट तर सरळ सांगावं, म्हणाली. बाबा म्हणाले, करायचाय की. लेन्स चांगली मिळू दे.

तेव्हा धाकटीने ठरवलं की आता नावं झाकून चाचणी घ्यायची. किंमत माहीत असली की माणसाला स्वस्तात खोट दिसतेच, असा तिचा अंदाज होता. नाव आणि किंमत दोन्ही कळलं नाही, तर बाबांना फक्त चित्राकडे बघावं लागेल.

दुकानदाराकडून तिने सगळ्या लेन्स रविवारपुरत्या मागून आणल्या. सकाळी आई खिडकीशी बसून नेहमीप्रमाणे पेपर मोठ्याने वाचत होती आणि बाबा दाढी करता करता ऐकत होते. ही त्यांची अलीकडची सवय होती. धाकटीने आईला तिथेच बसवून ठेवलं आणि प्रत्येक लेन्सने एकेक चित्र घेतलं. शेवटी आणखी एक घेतलं, मुद्दाम बिघडवलेलं. त्यात फोकस आईच्या डोळ्यांवर नव्हता, मागच्या पडद्यावर होता. बघणारा खरोखर बघतोय की नाही हे तपासायला असं एखादं चित्र हवंच, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती.

दुपारी सगळे टीव्हीसमोर बसले. चित्रांवर नुसती अक्षरं होती. आईने आधीच अंग काढून घेतलं. ‘‘सगळ्यांत मी दमलेलीच दिसतेय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात कमीजास्त काय निवडायचं?’’ थोरलीने दोन बाजूला काढली. मग बाबांची पाळी आली. ते खुर्चीत पुढे सरकले, मान थोडी तिरकी केली आणि बराच वेळ एकेक चित्र मागे-पुढे करायला लावलं. मग बोट दाखवून म्हणाले, ‘‘हे. यात जीव आहे.’’

ते बिघडवलेलं चित्र होतं.

थोरलीला हसू आवरेना. ‘‘बाबा, यात पडद्यात जीव आहे. तुमच्या बायकोत नाही.’’

बाबा क्षणभर थांबले आणि मग मोठ्याने हसले. म्हटलं बघू तुम्ही पकडता का, म्हणाले. तेवढ्यावर ते मिटलंही असतं. पण एका निरीक्षणावरून काही म्हणता येत नाही, हे धाकटीच्या अंगात इतकं भिनलं होतं की तिने काही विचार न करता अक्षरं बदलली, चित्रांचा क्रम फिरवला आणि म्हणाली, ‘‘आता थट्टा नको हं बाबा. खरं सांगा.’’

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणता आलं असतं, पण ते म्हणाले नाहीत. पुन्हा पुढे सरकले, पुन्हा मान तिरकी केली, पुन्हा एकेक चित्र बघितलं. या वेळी त्यांनी फार वेळ घेतला. आणि पुन्हा त्याच चित्रावर बोट ठेवलं.

कुणी हसलं नाही. थोरलीच्या हातातला रिमोट तसाच राहिला. बाबांनी तिघींकडे आळीपाळीने मान वळवली, कुणीच हसत नाही त्यावरून काय झालं ते त्यांना समजलं, आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्यात असं म्हणून ते उठून आतल्या खोलीत गेले.

आई सावकाश पेपरची घडी घालत राहिली. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, ‘‘मी रोज पेपर मोठ्याने वाचते, ते काय हौस म्हणून?’’

तिने दबक्या आवाजात सांगितलं ते एवढंच, की बाबांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, चष्म्याने भागणारं नाही, आणि वाढू नये म्हणून उपचार चालू आहेत. मुलींना सांगायचं नाही असं बाबांनी तिला बजावलं होतं. थोरली म्हणाली, मग त्यांनी मला नाही का सांगायचं. आई म्हणाली, तुलाच तर सांगायचं नव्हतं.

धाकटी तिथेच बसून राहिली. खोट्या हरकतींची सगळी रांग तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा दिसलं की त्यातली एकही लेन्सबद्दल नव्हती. मोटार नसलेली लेन्स घरात येऊ नये, एवढंच बाबांना हवं होतं. ती उत्तरं शोधत गेली आणि त्यांचा एकेक आडोसा काढून घेत गेली. शेवटचा तर सगळ्यांसमोर काढला, आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा काढला. आपल्या हुशारीची इतकी किळस तिला कधी आली नव्हती. दुकानात त्यांची लाज वाटली होती, हे आठवून तर तिला बसवेना.

ती आतल्या खोलीत गेली. बाबा पलंगावर बसून आपली जुनी लेन्स पुसत होते. ती स्वच्छच होती. धाकटी त्यांच्या शेजारी बसली. माझं चुकलं, एवढं कसंबसं म्हणाली.

‘‘तुझं कसलं,’’ बाबा म्हणाले. ‘‘चाचणी बरोबर होती तुझी.’’ मग लेन्स खाली ठेवून म्हणाले, ‘‘त्या बिचाऱ्या दुकानदाराच्या मालाला मी उगाच नावं ठेवली. त्याचंच जास्त वाईट वाटतं. ताईला नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून लेन्सवर ढकलत राहिलो.’’

त्यांना चौकट दिसत होती, कडा दिसत होत्या, माणसं हलताना दिसत होती. बघायचं असतं नेमकं तेच मधोमध विरघळायचं. फोकस लागलेल्या कडा लाल करून दाखवायची सोय कॅमेऱ्यात होती. ती लालीही विरघळायची. हे सगळं ते खाली बघून, बॅटरीचा बिघाड सांगावा तसं सांगत होते. थोरलीने दुसरा कॅमेरामन बघावा, असं शेवटी म्हणाले.

धाकटी बाहेर आली. टीव्हीवर ते चित्र अजून तसंच होतं. काहीतरी करायचं म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला एक गोष्ट खटकली. बाबा नुसते अंदाज मारत असते तर दुसऱ्या खेपेला त्यांचं बोट दुसरीकडे जाण्याची शक्यताच जास्त होती. क्रम बदलूनही तेच चित्र निवडलं, म्हणजे त्यांना त्यात काहीतरी दिसलं होतं. तिने बाकीची चित्रं शेजारी लावली. हे शेवटी घेतलं होतं. तोवर खिडकीवरचा ढग सरकला होता. आईच्या गालावर, कपाळावर आणि पेपर धरलेल्या बोटांवर प्रकाश असा पडला होता की बाकीच्या चित्रांत ती थकलेली दिसत होती आणि इथे काहीतरी आठवत बसल्यासारखी. प्रकाश बदलला हे धाकटीच्या लक्षातच आलं नव्हतं. ती फक्त रेघांची धार बघत होती.

तिने थोरलीला हाक मारली आणि चित्रं दाखवली. थोरली टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघू लागली. मग डोळे पुसून म्हणाली, मोठ्या चित्रपटांत कॅमेरा चालवणारा फोकस करतच नाही, त्याला वेगळा माणूस असतो. आणि तिने धाकटीकडे पाहिलं.

पुढच्या शनिवारी बाबा स्वतःहून दुकानात आले. तुमच्या लेन्समध्ये काही खोट नव्हती, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. दुकानदाराने विचारलंही नाही. फोकस कोण धरणार एवढंच त्याने विचारलं. बाबा म्हणाले, ‘‘ही.’’ धाकटीला पुन्हा मान वर करवेना.

तिने घराच्या जिन्यात सराव केला. आईला इतक्या वेळा खालून वर चालवलं की आई म्हणाली, मला त्या नर्सच्या आधी रिटायर कर. अंतरं टेपने मोजायची, कडीवर पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि चालणाऱ्याच्या पावलाबरोबर हात फिरवायचा. जमू लागलं होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी व्हरांडा रिकामा होता आणि उजेड एका बाजूच्या खिडक्यांतून पट्ट्यापट्ट्यांनी येत होता. कॅमेरा कुठे ठेवायचा हे बाबांनी चालत फिरून ठरवलं. परिचारिका झालेली बाई टोकापासून निघाली. उजेडात, सावलीत, पुन्हा उजेडात ती येत राहिली आणि अगदी जवळ येऊन थांबली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. थोरलीने कट म्हटल्यावर मदतीला आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीने त्या बाईला मिठी मारली.

शेवटच्या तीन-चार पावलांत धाकटीचा हात मागे पडला होता. फार नाही. छोट्या मॉनिटरवर कुणाला दिसलं नव्हतं. बाबांना दिसणं शक्यच नव्हतं. ती बाई आता रुमालाने डोळे टिपत होती. असं रडू पुन्हा येईल की नाही कोण जाणे.

बाबांनी कॅमेऱ्यावरून हात न काढता तिला हळूच विचारलं, ‘‘धरला ना?’’

हो म्हणणं किती सोपं आहे, हे तिला तेव्हा समजलं. तिने सगळ्यांकडे पाहिलं. कानशिलं तापली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, ‘‘नाही. हुकला. माझा हुकला.’’

टाळ्या थांबल्या. थोरलीचा चेहरा पडला. धाकटी कडीवरच्या पेन्सिलीच्या खुणांकडे बघत राहिली.

बाबांनी कॅमेऱ्याची चौकट पुन्हा टोकाच्या दाराकडे नेली. ‘‘ढग यायच्या आत पुन्हा घेऊ,’’ ते म्हणाले. ‘‘बाईंना पाणी द्या कुणीतरी.’’