गाळ नापास

बाटल्या लावल्या त्या दिवसापासूनच प्रयोगशाळेतल्या ताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कपाटात सहा बंद बाटल्या. सगळ्यांत पाणी आणि सांडपाणी केंद्राच्या गाळातले जिवाणू. दोनांत नवा सुगंध, दोनांत जिवाणू हमखास फस्त करतात असं ओळखीचं रसायन, दोनांत काहीच नाही. जिवाणूंनी किती ऑक्सिजन ओढला, त्यावरून किती खाल्लं ते कळायचं. अठ्ठावीस दिवसांत साठ टक्के सुगंध संपला, तर तो साबणात जाणार.

अत्तरवाले काका त्यावर चार वर्षं खपले होते. रोज दारातून डोकवायचे. "काय, जेवले का पाहुणे?"

"जेवतील हो, काका," म्हणत ताई नजर चुकवायच्या.

गाळ आणताना वाटेत लेकीच्या शाळेतून फोन आला होता, ताप चढलाय, घेऊन जा. गाळाचा कॅन तीन तास डिकीत तापत राहिला. नंतर त्याला कुजका वास आला, तरी ताईंनी तसाच रेटला.

चौदाव्या दिवशी सुगंध बारा टक्क्यांवरच अडलेला. साहेबांनी तेवढाच आकडा पाहिला. "याचं काही खरं नाही. काकांना मीच सांगतो."

ताई पुढे झाल्या. "साहेब, थांबा. ओळखीचं रसायनही बेचाळीसवरच आहे, ते तर एव्हाना साठवर हवं होतं. सुगंध नाही, गाळ नापास आहे. चूक माझी." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी ते लेखी घेतलं. दोन आठवडे पाण्यात गेले. काकांनी एवढंच विचारलं, "लेक बरी आहे ना?" ताईंना आणखीच कानकोंडं झालं.

नवा गाळ, नव्या बाटल्या. ताई दिवसातून दहादा आकडे बघायच्या. घरी एकाच भाजीत दोनदा मीठ पडलं. या वेळी ओळखीच्या रसायनाने आठवड्यातच साठ ओलांडले. सुगंध मात्र रेंगाळत रेंगाळत शेवटच्या दिवशी एक्कावन्नवर थांबला.

ताईंना सांगवेना. काकांनी त्यांच्या हातातला कागद घेतला.

"म्हणजे अर्धा खाल्ला, अर्धा ताटात टाकला." त्यांनी कागद खिडकीशी नेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाले, "कुठला तुकडा टाकतात, ते कळेल?"

"शोधता येईल. वेळ लागेल पण."

"लागू दे." काकांनी स्टूल ओढलं.

ताईंनी सुगंधाच्या रेणूची आकृती काढायला घेतली. पहिलीच रेघ वाकडी आली. काका कागदावर वाकले.