शेवटच्या रांगेपर्यंत

“मुर्दा-उर्दा तो नी है इसमें?”

दसऱ्याच्या सकाळी धारच्या मोटार स्टँडवर कंडक्टरनं गोधडीत गुंडाळलेलं ते धूड बोटानं टोचून पाहिलं. धूड माणसाहून उंच होतं, वर निमुळतं आणि खाली चांगलंच रुंद. शालिग्रामनं त्याचं बोट हळूच बाजूला केलं.

“बाजा है भिया. डबल बास.”

“इत्तो बड़ो? कोण बजावे?”

“मीच. और कौन!”

कंडक्टरनं शालिग्राम शिर्के नावाच्या जेमतेम पाच फुटी माणसाकडे पाहिलं, मग गोधडीकडे पाहिलं. “तम इके बजाओ के यो तमके?” म्हणून तो असा हसला की झेंडूच्या माळा बांधणारा ड्रायव्हरही मागे वळला. शालिग्रामही हसला. हा विनोद त्याला नवा नव्हता. टपावर सामान बांधायच्या दोरीवर मात्र त्याचा विश्वास नव्हता. बास टपावर चढला, आणि त्याला मिठी मारून शालिग्रामही टपावरच बसला.

मोटार सुटली. दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं मागे सरकू लागली. बोंडं नुकतीच उकलत होती. खडीवरून चाकं गेली की तारा गोधडीच्या आत आपोआप गुणगुणत, आणि ते गुणगुणणं शालिग्रामच्या बरगड्यांत उतरे. त्याचे डोळे मिटले. अशा वेळी तो नेमका कुठं असे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

संस्थान होतं तेव्हा तो दरबारच्या बँडात होता. बाकीचे कवायतीचे बाजे, पण संध्याकाळच्या मेजवान्यांना सात-आठ जणांचा तंतुवाद्यांचा ताफा बसे, त्यात बास शालिग्रामकडे. बँडमास्तर म्हणायचे, “आपण वाढपी रे बाबा. वाढप्याकडे पंगतीत कोणी बघत नाही. पण तो थांबला की पंगत थांबते.” पुढं संस्थान विलीन झालं. पितळेचे बाजे पोलिसांनी नेले. बास कोणालाच नको होता, कारण तो घेऊन परेड करता येत नाही. शालिग्रामनं बाससाठी अर्ज केला आणि साहेबांनी हसत सही केली. तेव्हापासून तो कलेक्टर कचेरीत दफ्तरी होता, फाइली बांधत होता, आणि रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी खालच्या तारेवर गज ठेवून एकच सूर ओढत होता. एकच, पण लांब. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला इतका वेळ लागे की मालनची पोळी तव्यावर फुगून खाली उतरलेली असे. फळीवरची भांडी बारीक थरथरत. त्या सुरात त्याला मुंज तलावावरचं धुकं दिसे, हिरवळीवर मांडलेल्या खुर्च्या दिसत, आणि कुणीही बसलेलं नसे. तरी त्याला फार बरं वाटे. खरं सांगायचं तर बाकीचा दिवस तो त्या एका सुराच्या जिवावर काढत असे.

मालन कधी काही बोलली नाही. शेजारीण मात्र बोलली, “ताई, तुमच्याकडे सकाळी म्हैस ओरडते का हो?” त्यावर मालन म्हणाली, “म्हैस नाही, सूर आहे तो. तुम्हाला नाही कळायचं.” तिला तरी कुठं कळत होतं! पण नवऱ्याच्या वस्तूला दुसऱ्यानं नाव ठेवलेलं तिला खपत नसे.

देवासच्या भैयासाहेबांनी संगीत पार्टी काढली तेव्हा शालिग्रामला पहिल्यांदा बोलावणं आलं. पेटी, दोन व्हायोलिनं, बासरी, तबला, गायला शाळेतल्या शिक्षिका विद्युल्लताबाई, आणि मागं उभा शालिग्राम. चार कार्यक्रम झाले. चारही उघड्या मैदानात, आणि चारही वेळा बास तिसऱ्या रांगेपुढं गेला नाही. राजवाड्याच्या दिवाणखान्यात भिंती सूर धरून ठेवत. मैदानात धरायला कोण?

भैयासाहेबांचं म्हणणं, तारा पोलादी लावा. शालिग्रामनं इंदूरहून पोलादी तारा आणल्या, लावल्या, आणि सूर ओढताच तोंडात पैसा ठेवल्यासारखं झालं. आठव्या दिवशी त्यानं त्या काढल्या. विलायती तातीच्या तारा आता मिळत नव्हत्या. मग त्याला नालछ्याच्या कासम पिंजाऱ्याची आठवण झाली. कापूस पिंजायच्या धनुष्याला बकऱ्याच्या आतड्याची तात असते, ती कासम स्वतः वळायचा. शालिग्राम तिथं गेला तेव्हा खोलीभर कापूस उडत होता. कासमच्या भुवया, दाढी, भिंतीवरचा कंदील, सगळं पांढरं. धनुष्याची तात थडथडली की खोलीतला कापूस उठे आणि तरंगत खाली येई. शालिग्राम दारात उभा राहून ऐकतच राहिला.

“क्या हुआ भिया? गादी भरवानी है?” कासमनं विचारलं.

“नाही चाचा. मला हीच पाहिजे. ये आवाज.”

कासमनं त्याला चार जाडीच्या चार ताती वळून दिल्या. जाडातली जाड दोन वेळा सैल पडली, तिसऱ्यांदा जमली. तिच्यावर बोट मारलं की छातीत ठोका पडे आणि गज ओढला की तलाव दिसे. वाजवायला यापेक्षा चांगली तार शालिग्रामला आयुष्यात मिळाली नव्हती.

आणि मग भैयासाहेबांचं पत्र आलं. दसऱ्याला टेकडीच्या पायथ्याशी कार्यक्रम आहे. नवा माइक आणि भोंगे आणले आहेत. शेवटच्या रांगेत बास ऐकू आला तर उत्तम. नाही आला, तर पुढल्या खेपेपासून तुम्ही एकटेच या, इकडे खुळखुळा आहेच. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, पण पार्टीच्या ट्रकमध्ये बासच्या जागेत तीन माणसं मावतात हे त्यांना विसरता येत नव्हतं. शालिग्रामनं पत्र चार वेळा वाचलं. हातात खुळखुळा घेतलेला शालिग्राम त्याला चारही वेळा दिसला, आणि चारही वेळा त्यानं पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

काल खंडेनवमीला मालननं बासची पूजा केली. पाटावर उभा करायला तो मावेना, म्हणून पाटच भिंतीशी सरकवला. हळद, कुंकू, झेंडूची माळ. “आपल्या रोजीचं हत्यार आहे ते,” ती म्हणाली. रोजी फाइली बांधण्याची होती, पण ती पूजा तिनं फाइलींच्या दोऱ्याची केली नाही, हे शालिग्रामला आवडलं. बाजारातून आपट्याची पानं घेऊन तो परत येईपर्यंत तिनं सगळं नीट गोधडीत बांधूनही ठेवलं होतं.

देवासला पोचायला दुपार झाली. टेकडीवर देवीच्या दर्शनाची रांग वरपासून खालपर्यंत लागली होती. मंडपात माइकवाला भगवंत खांबावर भोंगे बांधत होता. शालिग्रामनं गोधडी सोडली, तारा जुळवल्या, गज उचलला आणि खालच्या तारेवर ओढला.

काहीच झालं नाही.

गज तारेवरून लोण्यावरून सुरी फिरावी तसा सरकला. आवाज नाही, खरखर नाही, काही नाही. त्यानं पुन्हा ओढला. मग गजाच्या केसांना बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि तो मटकन फळीवर बसला. तिळाचं तेल.

मालनचे वडील संस्थानच्या पागेत शिलेदार. दर खंडेनवमीला ते तलवार पुसत आणि पात्याला तिळाच्या तेलाचा हात देत, म्हणजे वर्षभर गंज चढत नाही. मालननं लहानपणापासून तेच पाहिलं होतं. त्यांच्या घरी पूजलेलं हत्यार कोरडं ठेवणं म्हणजे अपमान. तिनं गजाच्या एकेका केसाला तेल चोळलं होतं, वरपासून खालपर्यंत, प्रेमानं, काहीही न सोडता. ते इतकं नीट लावलं होतं की शालिग्रामला रागवताही येईना. त्याला रडूच आलं.

केसांना पकड यावी म्हणून त्यानं राळ घासली. राळेचा चिकट लगदा झाला. धोतराच्या सोग्यानं केस पुसले, ते आणखीच चकाकले. घोड्याच्या शेपटीचे नवे केस भरायचे तर दोन दिवस हवेत, आणि कार्यक्रम सहाला होता.

“क्या हो गया काका?” भगवंत शिडीवरून उतरला. “पार चेहरा उतरला तुमचा.”

“गज बिघडला.”

“कसा काय?”

शालिग्रामनं गज गोधडीत ठेवला. “प्रवासात. हवा दमट होती.”

आश्विनातली हवा ठणठणीत कोरडी होती, पण भगवंतनं ते बोलून दाखवलं नाही. तेवढ्यात भैयासाहेब आले. फेटा, हातात छडी. “काय शालिग्रामराव, येऊन राहिला का आवाज शेवटपर्यंत?”

“आज बोटांनी वाजवतो म्हणतो.”

“बोटांनी वाजवा, नाही तर कोपरांनी. आवाज पाहिजे, बस. मी मागच्या रांगेत उभा राहीन बरं का!” आणि ते हारवाल्यावर ओरडायला निघून गेले.

मग शालिग्राम आणि भगवंत तीन तास त्या बासशी झटले. भगवंतनं आधी माइक बासच्या पोटावरच्या भोकासमोर धरला. भोंग्यातून अशी किंचाळी निघाली की देवीच्या रांगेतल्या लोकांनी हात जोडले. मग तो दूर नेला, तर पेटीवाल्याचा खोकला बासपेक्षा मोठा ऐकू आला. यंत्राला दोन गुंड्या होत्या, एक आवाजाची, एक सुराची. भगवंत एक फिरवायचा, मंडपाच्या टोकाला पळायचा, तिथून ओरडायचा.

“घुम्म येतंय नुसतं! शब्द नाही कळत!”

“बासला कुठले शब्द रे!”

“मतलब, ठोका नाही कळत काका. सगळा शिरा झालाय.”

शालिग्रामनं बास मातीवरून उचलून स्टेजच्या फळीवर टेकवला. फळी बोलू लागली. त्यानं तार वरच्या अंगाला छेडली, मग खाली, तारा टेकतात त्या घोडीजवळ छेडली. आवाज सुटा झाला. भगवंतनं माइक रुमालात गुंडाळला, तरी भोंगा गुरगुरला. मग शालिग्रामनं बासच्या पोटातून, नालछ्याला चिकटून आलेला असेल नाही तर गोधडीतून गळलेला असेल, मूठभर कापूस ओढून काढला आणि माइकभोवती दाबून बसवला. भगवंतनं सुराची गुंडी हळूहळू डावीकडे फिरवली.

“आता छेडा.”

शालिग्रामनं कासमची जाड तार बोटाच्या पेरानं ओढून सोडली. भोंग्यातून एक गोल, स्पष्ट ठोका निघाला, मैदान ओलांडून गेला, आणि टेकडीच्या पायरीवर बसलेल्या म्हातारीनं मान वर करून इकडे पाहिलं.

“बस काका! हात मत लगाना अब!” भगवंत टोकावरून नाचत आला. खडूनं त्यानं दोन्ही गुंड्यांवर खुणा केल्या. मग म्हणाला, “एक विचारू का? गजानं हे झालंच नसतं. भोंगा लांब सूर खातो. त्याला ठोकाच पचतो.”

शालिग्रामलाही ते तासाभरापूर्वीच कळलं होतं.

सहा वाजता, ऊन टेकडीवरून उतरत असताना, कार्यक्रम सुरू झाला. विद्युल्लताबाई गाऊ लागल्या आणि शालिग्रामची बोटं चालू लागली. पहिल्याच गाण्यात मागच्या रांगेतली पोरंटोरं मांडीवर ठेका धरू लागली. मोकळ्या मैदानात सूर सांडून जाण्याची त्याला सवय झाली होती, आज सूर जाऊन परत येत होता. त्याला वाटलं, सगळं मैदान कासमची खोली झालं आहे आणि ठोक्यासरशी लोक हलकेच उठून तरंगत खाली येत आहेत. बोटांची कातडी सोलवटली, तेही त्याला कळलं नाही. मध्येच एका गाण्यात चार मात्रा रिकाम्या आल्या. तिथं तो नेहमी गज ओढायचा. हात सवयीनं गजासाठी बाजूला गेला, रिकामाच परत आला, आणि त्या चार मात्रा कोरड्या गेल्या. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

“आज पहिल्यांदाच ताल सुटायची भीती वाटली नाही हो,” विद्युल्लताबाई उतरताना म्हणाल्या. भैयासाहेबांनी तर त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. “वाह भिया! पहले क्यों नहीं किया ये? आता असंच. बोटांनीच. तो गज-बिज घरी ठेवून या, त्यानं नुसतं घोंगावतं.”

“हो,” शालिग्राम म्हणाला. सोबत आणलेली आपट्याची पानं त्यानं सगळ्यांना वाटली, सोनं घ्या म्हणाला, मोठ्यांच्या पाया पडला. त्याची जागा राहिली होती. खुळखुळा टळला होता. त्याला आनंद झाला होता, आणि तो आनंद खरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धारला पोचला तेव्हा मालन उंबऱ्यातच उभी होती. तिनं ओवाळलं. मग ताट खाली ठेवायच्या आधीच विचारलं, “ऐकू गेलं का हो? शेवटच्या रांगेपर्यंत?”

“शेवटच्या काय, टेकडीपर्यंत गेलं. भैयासाहेबांनी कायमचं ठेवून घेतलं.”

“मी म्हटलंच होतं,” ती म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला की शालिग्रामनं दुसरीकडे पाहिलं. तिनं त्याची सोललेली बोटं पाहिली, हळद आणली, बांधता बांधता म्हणाली, “परवा मी गजाला तेल लावलं होतं, सांगायचं राहिलं तुम्हाला. आबा तलवारीला लावायचे तसं. चाललं ना ते? का उगाच केलं?”

शालिग्रामनं भिंतीशी टेकवलेल्या गोधडीकडे पाहिलं. रिठ्याच्या पाण्यानं केस धुता आले असते. टांगेवाल्याच्या घोड्याचे नवे भरता आले असते. नुसता घरचा, सकाळचा एक सूर तरी ओढता आला असता. पण धुवायला काढले असते तर तिनं “का धुता?” म्हणून विचारलं असतं, आणि तिला खोटं सांगणं त्याला एकदाच जमणार होतं.

“चाललं,” तो म्हणाला. “त्यानंच तर झालं सगळं.”

सकाळी पोळी तव्यावर फुगली. फळीवरची भांडी हलली नाहीत. मालननं वळून पाहिलं, तर शालिग्राम बासला मिठी मारल्यासारखा उभा राहून जाड तार बोटाच्या पेरानं अगदी हळू छेडत होता. ठोका पडे, विरून जाई, आणि तो विरून गेल्यावरही बराच वेळ शालिग्रामचा उजवा हात हवेतून एका बाजूला, सावकाश, टोकापर्यंत जात राही.

“आज लांब सूर नाही?” तिनं विचारलं.

“आहे ना,” तो म्हणाला.

ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. मग तिनं पोळी उतरवली आणि तवा आवाज न करता बाजूला ठेवला.