बटणांच्या डब्यातले खारे दाणे

आमचे हे शिंपी. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मी नाही म्हणत. बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं, तेव्हापासून मी दोन भाज्या करते. माझी नेहमीची, त्यांची अळणी. ते तोंड वाकडं करून गिळतात, मी तिकडे बघतच नाही.

त्या दुपारी मशीनच्या खोलीत गेले, तर आमचा ढब्बू बटणांच्या डब्यात तोंड खुपसून उभा. कुत्रा कसला, वासराएवढा झालाय मेला. डब्यात बटण औषधालाही नव्हतं. तळाशी खाऱ्या दाण्यांची सालं आणि मीठ. ढब्बूने पाण्याचं भांडं एका दमात संपवलं आणि धापा टाकत फरशीवर पसरला.

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावेपर्यंत हे स्वयंपाकघरातून ग्लास ढवळत आले.

"हे काय?"

"मिठाचं पाणी. उलटी झाली की पोट मोकळं होतं. लहानपणी आई आम्हाला हेच द्यायची."

"अहो, मिठानेच झालंय ना त्याला? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी ग्लास मोरीत ओतला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं पाणी द्या, थोडं थोडं, सारखं. बळजबरीने पाजू नका, उलटी तर मुळीच करवू नका. "पण खाल्लं किती? डबा भरलेला होता तर आत्ताच घेऊन या, सलाईन लावावं लागेल. नीट सांगा."

मला काय कप्पाळ माहीत? मी यांच्याकडे बघितलं. हे ढब्बूचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसले होते.

"अर्धाच होता," ते हळूच म्हणाले. "अर्धा मी खाल्लाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोन कानाला होता. अर्धा, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, मोठा कुत्रा आहे, घाबरू नका. मात्र ओकायला लागला, झोकांड्या खाल्ल्या किंवा थरथरला, तर तसाच उचलून आणा.

आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो. मी वाटीने पाणी पुढे करत होते, हे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"याला डॉक्टरीणबाई आहेत," मी म्हटलं. "तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" आवाज फुटलाच माझा.

त्यांनी माझ्या हातातली वाटी घेऊन ढब्बूपुढे धरली. मग म्हणाले, "अळणीचं काही नाही गं. घरातल्या घरात वेगळी चूल मांडल्यासारखं वाटतं."

उन्हं कलली तसा ढब्बू उठला, शेपूट हलवत बाहेर गेला आणि खांबापाशी इतका वेळ उभा राहिला की हेसुद्धा हसायला लागले. मला रडूच आलं.

रात्री मी एकच भाजी केली. पहिल्या घासालाच यांनी माझ्या ताटाकडे बघितलं.

"तुझीपण अळणी?"

"गुपचूप जेवा," मी म्हटलं. घास खरंच घशाखाली उतरत नव्हता. इतके दिवस हा माणूस हे एकटा खात होता.